बॉक्सिंग, भाव आणि मयड्याची केळी

दुसरा_राउंड

बावीस वर्षं एका मराठी दैनिकाच्या क्रीडापानावर काम करतोय. गोव्यात क्रीडापान म्हणजे आधी फुटबॉल, मग पुन्हा फुटबॉल, मग क्रिकेट, आणि कोपरा उरलाच तर बाकीचं सगळं. बॉक्सिंग त्या बाकीच्यातही तळाला. इथे बसून त्यावर लिहिणं म्हणजे मासळीबाजारात कोबी विकायला बसणं. तरी बसतो.

याला जबाबदार आमच्या बार्देशातल्या वाड्यावरचे शेजारी. ते तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरीला. आठ-नऊ महिने दर्यावर, मग घरी. येताना चॉकलेटं, साबण, आणि व्हीएचएस कॅसेटी. सिनेमाच्या कमी, बॉक्सिंगच्या जास्त. टीव्हीचा आवाज बंद करून अंकल स्वतःच कोंकणीत समालोचन करायचे. "भितर वच! भितर वच रे!" म्हणजे जो फ्रेझियरने मुहम्मद अलीच्या लांब हातांच्या आत शिरावं. मला वाटायचं, तो ऐकतोय.

त्या दोघांची मनिलातली ती लढत, १ ऑक्टोबर १९७५, मी त्या ओसरीवर किमान दहादा पाहिली असेल. शेवट पाठ होता तरी पोटात गोळा यायचा. चौदा फेऱ्या झालेल्या. फ्रेझियरचे डोळे सुजून मिटत आलेले, अलीचे ठोसे दिसतच नाहीत. स्टुलावर बसलाय आणि पंधराव्या फेरीसाठी उठायला बघतोय. त्याचा प्रशिक्षक एडी फच त्याला उठू देत नाही. संपलं म्हणतो. फक्त एक फेरी, तीन मिनिटं राहिलेली. आणि पलीकडच्या कोपऱ्यात अलीची अवस्थाही अशी की जिंकल्यावर तो धड उभा राहू शकला नाही.

मी या खेळाच्या प्रेमात पडलो ते ठोशांमुळे नव्हे, त्या स्टुलामुळे. बाकी बहुतेक खेळांत हरणाऱ्याला वेळ संपेपर्यंत खेळावंच लागतं. इथे त्याच्याच बाजूचा माणूस, जो त्याला जिंकवायला आलाय, तोच म्हणतो की पुरे.

आता मुद्दा. मध्यंतरी दोन गोष्टी एकदम झाल्या. आमच्या दैनिकात टूम निघाली की मोठ्या लढतीच्या बातमीला 'भावा'ची चौकट जोडावी, म्हणजे सट्टेवाले कोणावर किती देतायत ते. आणि एका वेबसाइटकडून निरोप आला: लढतीआधी 'विश्लेषण' लिहा, प्रत्येक लेखाचे अमुक, तळाला लिंक आम्ही टाकू. आकडा सांगत नाही, पण माझ्या महिन्याच्या पगाराला लाजवणारा होता. लिंक कुठे जाते ते विचारलं, तर 'खेळांच्या बातम्यांची साइट' असं उत्तर आलं. नाव बातम्यांचं, आत सट्टा.

नाही म्हटलं. पण त्यात तत्त्व किती आणि भीती किती, हे मला अजून नीट कळलेलं नाही. शिवाय पूर्ण सोवळं पाळणंही खोटंच. ११ फेब्रुवारी १९९० ला टोकियोत बस्टर डग्लसने माइक टायसनला दहाव्या फेरीत आडवं केलं. ही गोष्ट ४२ ला १ हा आकडा न सांगता लिहून दाखवा. लास वेगासमधल्या बहुतेकांनी त्या लढतीवर भावच काढला नव्हता, इतकी ती एकतर्फी मानली गेली होती. ज्याने काढला त्याने हा काढला. डग्लसची आई तीन आठवड्यांपूर्वी वारली होती. त्या आकड्यात ती कुठे बसणार? पण आकडा नसेल तर जग त्याला काय समजत होतं हेही वाचकाला कळणार नाही.

तर तुम्हाला काय वाटतं? भाव ही बातमी आहे की जाहिरात?

मांडवीपार

सुंदर. वाचनखूण साठवली. अंकलचं समालोचन कानात वाजलं.

प्रश्नाबद्दल: मी रोज बेतीच्या फेरीबोटीतून पणजीला जातो. कॅसिनोच्या बोटी, त्यांचे दिवे, सगळं डोळ्यांसमोर. १ फेब्रुवारी २०२० पासून गोंयकाराला तिथे खेळायला बंदी. पाहुण्यांनी खेळावं, आपण फेरीतून बघावं. आणि खाली उतरलं की गाड्यावर मटक्याची चिठ्ठी मिळतेच. तुमच्या चौकटीने नवीन काय बिघडणार?

सदाशिवपेठी

लेख भावुक आहे, मुद्दा कच्चा. (हलके घ्या.)

भाव हे कुठल्याही लढतीबद्दलचं सगळ्यात प्रामाणिक मत असतं. टीव्हीवरचा तज्ज्ञ काहीही बडबडतो, चुकला तर त्याचं काही जात नाही. भाव काढणाऱ्याचे स्वतःचे पैसे असतात. मी संख्याशास्त्रवाला माणूस आहे. मला कुणी विचारलं कोण जिंकणार, तर मी लेख वाचणार नाही, भाव बघेन. वाचकापासून ही माहिती लपवणं म्हणजे पावसाचा अंदाज छापायचा नाही, का तर कुणी छत्रीवाल्याशी पैज लावेल.

दुसरा_राउंड

@सदाशिवपेठी, छत्रीचं आवडलं. पण वेधशाळा पावसात कमिशन खात नाही.

उदाहरण घ्या. 'अ'चा भाव १.२०, म्हणजे रुपया लावला आणि तो जिंकला तर एक रुपया वीस पैसे हातात; 'ब'चा ४.५०. शंभराला १.२० ने भागा, ८३.३ येतात. शंभराला ४.५० ने भागा, २२.२. बेरीज १०५.५. दोघांपैकी एकच जिंकणार, मग शक्यतांची बेरीज शंभराच्या वर कशी? वरचे साडेपाच म्हणजे दुकानदाराचा वाटा. म्हणजे 'प्रामाणिक मता'त आधीच पाणी घातलेलं आहे.

दुसरं, भाव नेहमी जाणकारांच्या मताने हलत नाही, पैशाने हलतो. ऑगस्ट २०१७ मध्ये मेवेदर आणि मॅकग्रेगर लढले. मॅकग्रेगर मिश्र मार्शल आर्टवाला, त्याने व्यावसायिक बॉक्सिंगची एकही लढत खेळलेली नव्हती, समोरचा ४९ पैकी ४९ जिंकलेला. तरी दिवस जवळ आले तसा मॅकग्रेगरचा भाव उतरत गेला, कारण त्याचे चाहते त्याच्यावर पैसे ओतत होते. त्या काळात तो बॉक्सिंग शिकून हुशार झाला नव्हता. दहाव्या फेरीत व्हायचं ते झालं. तेव्हा भावाची चौकट छापली असती तर 'अंतर कमी होतंय' असा खोटा निरोप मी गावभर पोचवला असता.

सदाशिवपेठी

एका सर्कशीवरून नियम काढू नका. पण वाट्याचं गणित बरोबर आहे, तेवढं मान्य.

साऊथपॉ

मी पोरांना बॉक्सिंग शिकवतो. गोव्यातच, कुठे ते सोडा. लिहायची सवय नाही, समजून घ्या.

तुम्ही एक गोष्ट विसरलात. फुटबॉलमध्ये गोल दिसतो. आमच्याकडे नॉकआउट नसेल तर निकाल पंचांच्या कागदावर. (मराठीत पंच दोन, एक मारणारा, एक मोजणारा. दुसरा जास्त लागतो.) १९८८ चं सोल आठवा. रॉय जोन्स ज्युनियरने पार्क सी-हुनला तीन फेऱ्या धुतलं आणि ३-२ ने सुवर्ण पार्कला. वर जोन्सला स्पर्धेतला सर्वोत्तम बॉक्सर म्हणून करंडक! मग बटणं दाबून गुण मोजायची पद्धत आणली, तीही गेली, पुन्हा १० गुणांची फेरी आली. २०२१ मधल्या मॅकलारेन यांच्या चौकशी अहवालात तर रिओ ऑलिंपिकच्या लढतींतही पंच फिरवल्याचं आलं.

ज्या खेळात तीन किंवा पाच माणसांचं मन वळवलं की निकाल वळतो, त्यात बाहेर मोठा पैसा लागला की काय होतं ते वेगळं सांगायला नको. माझ्या पोरांना आत्ताच कुणी विचारत नाही, कारण त्यांच्यावर कुणी पैसे लावत नाही. देव करो असंच राहो.

आणि हो, पत्रकारांना आम्ही बऱ्याच गोष्टी सांगतो. कुणाचं मनगट दुखतंय, कुणी दोन दिवस पाणी न पिता वजन उतरवलंय. बातमी म्हणून नव्हे, चहा पिताना. तुम्ही भाव लिहायला लागलात तर मी चहा पिणं बंद करीन.

दुसरा_राउंड

@साऊथपॉ, हे मला मूळ लेखात लिहायचं होतं आणि जमलं नाही. दंडवत.

नेमकं तिथेच दुखतं. त्या वेबसाइटला माझी भाषा नको होती, तुमचा चहा हवा होता. मनगट दुखतंय हे छापलं तर प्रतिस्पर्धी त्यावर ठोसे मारेल, म्हणून मी छापत नाही. तेच 'विश्लेषणा'त 'अमुकच्या उजव्या हाताबद्दल शंका' असं नुसतं सुचवलं तर त्याचे पैसे होतात. खबर तीच, फक्त गिऱ्हाईक बदललं.

पंचांबद्दल मात्र थोडा वाद घालतो. प्रत्येक वाईट निकालामागे पैसा असतो असं मानलं की आपण बघायचं सोडून देतो. मार्च १९९९ मध्ये लुईस-होलीफिल्ड लढत, लुईस उघड वरचढ असूनही, बरोबरीत सुटली, एका पंचाने होलीफिल्डला जिंकवलेलं. जगभर बोंब झाली. २०१३ मध्ये मेवेदरने अल्वारेझला शिकवणी दिल्यासारखं खेळवलं, तरी एका कागदावर ११४-११४. माणूस रिंगच्या एकाच बाजूला बसतो, दोर आणि रेफरीची पाठ मध्ये येते, ज्याच्या ठोशाला प्रेक्षक ओरडतात तो ठोसा मोठा वाटतो. मी स्वतः घरी आवाज बंद करून गुण देतो आणि आवाज लावून पुन्हा देतो. दोन कागद क्वचितच जुळतात. (आवाज बंद करायची सवय कुठून आली ते वर आलंच आहे.)

पैसे घेऊन पडणारेही झाले. जेक लामोटा १९४७ मध्ये बिली फॉक्सकडून हरला, आणि मुद्दाम हरलो हे त्याने १९६० मध्ये अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे स्वतःच सांगितलं. पैशांपेक्षा विजेतेपदाच्या लढतीची संधी मिळावी म्हणून. सट्टेवाल्यांच्या हातात त्या संधीची किल्ली होती.

वकीलबाय

कोरडं बोलते, माफ करा. 'लिहू का' हा प्रश्न निदान त्या लिंकेपुरता आता तत्त्वाचा उरलेला नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी, आणि त्यांच्या जाहिरातीवरही. जाहिरातीला दोन वर्षांपर्यंत कैद, पन्नास लाखांपर्यंत दंड. त्याआधीही, २०२२ मध्ये, माहिती व प्रसारण मंत्रालयाने माध्यमांना दोनदा सूचना दिली होती, आणि दुसऱ्या वेळी बातम्यांचा मुखवटा घातलेल्या साइटींचा साफ उल्लेख होता. तुमच्या दारात आली ती तीच जात.

चौकटीचं वेगळं. परदेशात झालेल्या लढतीआधी कोणाला वरचढ मानलं जात होतं हे सांगणं आणि 'इथे लावा' म्हणणं यात फरक आहे. लिंक, कूपन, सवलतीचा कोड यातलं काही जवळ आलं की मी तुमच्या संपादकांना जागं करीन. गोव्याचा स्वतःचा जुगारबंदीचा कायदा १९७६ चा आहे, त्यालाच १९९२ मध्ये पंचतारांकित हॉटेलांतल्या यंत्रांसाठी खिडकी पाडली, मग १९९६ मध्ये बोटींसाठी. मांडवीपारना फेरीतून दिसतं ते त्या खिडकीतून आत आलेलं. खेळांवरच्या सट्ट्याला ती खिडकी नाही.

मांडवीपार

अवांतर: खिडकी कसली, सगळी भिंतच पाडली.

काणकोणकर

मला वेगळं वाटतं. आमच्याकडे झुंज आणि पैज कधी वेगळी होती? धिरयो, म्हणजे रेड्या-बैलांच्या झुंजी, घ्या. उच्च न्यायालयाने नव्वदच्या दशकात बंद केल्या, तरी पहाटे कुठल्यातरी शेतात रेडे लागतातच. लहानपणी आजोबांबरोबर गेलोय. खोटं कशाला सांगू, पैज नसती तर निम्मी माणसं आली नसती. पण जी आली होती त्यांच्यात चार म्हातारे असे होते की ते पैज मारत नसत. रेड्याची मान कशी वळते, पाय कुठे रोवतो, कधी पळणार, हे ते आधीच सांगायचे. आणि सगळे पैज मारणारे त्यांच्या तोंडाकडे बघत असायचे! तर लेखकराव, तुम्ही त्या म्हाताऱ्यांपैकी. तुम्ही पैज मारा वा न मारा, लोक तुमच्या तोंडाकडे बघणारच.

माशेलची_माहेरवाशीण

काणकोणकर +१

माझे वडील मटका लावायचे. वाईट माणूस नव्हते. स्वप्नात आलं त्याचा आकडा, गाडीच्या नंबरचा आकडा, गुरुजींनी फळ्यावर लिहिलेल्या तारखेचा आकडा. माझ्या वहीच्या मागच्या पानावर त्यांच्या जोड्या असायच्या, शाळेत बाईंना वाटायचं मी गणिताचा सराव करते. मटका पूर्वी न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावावर चालायचा म्हणे. त्यांना कापसाचं काय! छापलेला कुठलाही आकडा त्यांच्यासाठी सूचना होती. तुमची चौकट अशाच घरांत जाणार आहे, एवढंच.

बॉक्सिंग मी मेरी कोमनंतर बघते. २०१२ ला तिचं कांस्य आलं तेव्हा आमच्या घरात पहिल्यांदा क्रिकेट सोडून दुसरं काही लागलं होतं. लव्हलिना, निखत, सगळ्या बघते. त्यांच्यावर मराठीत धड वाचायला मिळत नाही, त्याचं काही करा की.

दुसरा_राउंड

@काणकोणकर, तुम्ही माझं बिंग फोडलंत, तर सांगूनच टाकतो. मूळ लेखात मुद्दाम टाळलं होतं.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात एक ओळखीचा माणूस मयड्याची केळी विकतो. माझा नियमित वाचक. मे २०१९ च्या शेवटी मी अँथनी जोशुआवर अर्धं पान लिहिलं. न्यूयॉर्कला त्याची लढत होती, मूळ प्रतिस्पर्धी उत्तेजकांच्या चाचणीत सापडला म्हणून महिनाभर आधी अँडी रुईझ नावाचा गोलमटोल मेक्सिकन-अमेरिकन बदली म्हणून आलेला. मी लिहिलं की जोशुआला ही सकाळची कसरत आहे. वाक्य झोकात जमलं होतं, त्याचाच मोह.

तिसऱ्या फेरीत आधी रुईझ पडला. मी चहा ठेवायला उठलो. परत येतो तो जोशुआ जमिनीवर, त्याच फेरीत दोनदा. सातव्या फेरीत आणखी दोनदा, आणि रेफरीने थांबवलं.

पुढच्या शुक्रवारी केळीवाला म्हणाला, "तुजें वाचून लायले हांवें पयशे." फोनवरच्या कुणाकडे पाच हजार लावलेले. जिंकले असते तर किती सुटले असते विचारलं. अडीचशे. अडीचशेंसाठी पाच हजार, कारण पेपरवाल्याने 'सकाळची कसरत' लिहिलं होतं! त्या वाक्यात भाव नव्हता, लिंक नव्हती, वकीलबाय, कुठलाही कायदा मला धरू शकला नसता.

तेव्हापासून 'सहज जिंकेल' असं मी लिहीत नाही. कोण कसा लढतो ते लिहितो: कोणाचा डावा हात खाली येतो, कोण सहाव्या फेरीनंतर तोंडाने श्वास घेतो, कोणाची जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, परत येताना हनुवटी उघडी टाकते. लढत झाल्यावर, ती उलटीपालटी असेल तर, आधीचा भाव एका ओळीत देतो. तोपर्यंत ती शिळी भाकरी झालेली असते, तिच्यावर कुणी लावू शकत नाही. हाच माझा नियम. म्हणून भावाची चौकट नको असं मी आमच्याकडे सांगितलंय, अजून निर्णय झालेला नाही.

सदाशिवपेठी

१.०५ च्या भावाने पाच हजार! शंभरातल्या ९५ हून जास्त वेळा बरोबर असाल तरच ते परवडतं. तुमचा केळीवाला संख्याशास्त्रात नापास. (आता गंभीरपणे: शिळ्या भाकरीचा नियम पटला. आधीचा भाव मी बघेन, पण तुम्ही नाही छापला तरी चालेल.)

साऊथपॉ

त्याच जोडीची डिसेंबरमध्ये सौदीत पुन्हा लढत झाली. तेव्हा काय लिहिलंत?

दुसरा_राउंड

हा प्रश्न कुणीतरी विचारणार होतंच.

लढतीच्या आधीच्या शुक्रवारी, ६ डिसेंबरला, बाजारात त्याने विचारलं, कोण? मी म्हटलं, माहीत नाही. त्याने दोनदा विचारलं, मी दोनदा तेच. केळी घेतली आणि निघालो. मोठा शहाणपणा केल्यासारखं वाटत होतं.

शनिवारच्या अंकात माझ्या बातमीच्या शेवटच्या ओळीत वजनं होती. रुईझ जवळजवळ १२९ किलो, आधीच्या लढतीपेक्षा सात किलो जास्त. बॉक्सिंग बघणाऱ्याला ही ओळ वाचून कळायला हवं की गड्याने सराव कमी आणि जेवणं जास्त केली आहेत. झालंही तसंच. जोशुआ बारा फेऱ्या लांब राहून जॅब मारत फिरला आणि गुणांवर आरामात जिंकला.

केळीवाल्याने ती ओळ वाचली होती. त्याने अर्थ लावला, वजन वाढलं म्हणजे ठोसा जड झाला. रुईझवर तीन हजार. मागचे वसूल करायला.

"तूं सांगूंक ना, म्हणून गेले," म्हणाला. रागावला नव्हता. केळी नेहमीच्याच भावाने दिली.

काणकोणकर

बघा, तोंडाकडे बघतात. बंद असलं तरी.

माशेलची_माहेरवाशीण

वजन वाढलं म्हणजे काय होतं, हे त्या ओळीच्या पुढे आणखी दोन ओळींत लिहिलं असतंत तर?

दुसरा_राउंड

लिहायला हवं होतं. जागा नव्हती असं तेव्हा वाटलं. खाली फुटबॉलचा फोटो पाच कॉलमी होता.

साऊथपॉ

पुढच्या लेखनाला शुभेच्छा. येत्या रविवारी सकाळी पोरांच्या सरावाच्या लढती आहेत, एक मुलगी आहे, ४८ किलोची, डावखुरी, हनुवटी उघडी ठेवते. पत्ता खासगी निरोपात पाठवतो. चहा आहे.

दुसरा_राउंड

येतो. हनुवटीचं छापणार नाही.